एक दोरी सुटली, बाकीच्या उरल्या

कॉर्डलेस दूरध्वनीच्या नावात जी दोरी नसल्याचे सांगितले जाते, ती दोरी म्हणजे कानाला लावायचा भाग आणि दूरध्वनीचा मूळ डबा यांना जोडणारी, वेटोळी घातलेली एक वायर एवढीच असते. मूळ डब्यातून भिंतीकडे जाणारी टेलिफोनची तार आणि विजेच्या बोर्डाकडे जाणारी अडॅप्टरची तार या दोन्ही जागच्या जागी राहतात आणि सुटलेल्या दोरीचे काम हवेतून जाणाऱ्या रेडिओलहरी करू लागतात. या उपकरणाच्या सुरक्षित वापराविषयीचे बहुतेक प्रश्न या तीन जोडण्यांपैकी एकीशी, किंवा हँडसेटच्या पाठीत बसवलेल्या सेलांशी निगडित आहेत. घराघरांतली चर्चा मात्र बहुधा एकट्या रेडिओलहरींची, म्हणजे बोलीतल्या 'रेडिएशन'ची होते, आणि ज्या गोष्टींमुळे प्रत्यक्षात नुकसान होते त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. 'आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी' ही म्हण नाशिककरांना समजावून सांगण्याची गरज नाही. त्यांचे सोमेश्वर तर गंगापूर रस्त्यावरच आहे.

नाशिकमधील इंदिरानगर हा भाग या विषयाच्या दृष्टीने नमुन्यादाखल घेण्याजोगा आहे. मुंबई-आग्रा महामार्ग, अंबडची औद्योगिक वसाहत आणि वडाळा-पाथर्डी रस्ता यांच्या आधाराने वाढलेल्या या वस्तीत रो-हाऊस, छोटे बंगले आणि मध्यम उंचीच्या इमारती एकमेकींना खेटून उभ्या आहेत, निवृत्त जोडपी पुष्कळ आहेत, आणि ज्यांची मुले पुण्यात, बंगळूरला किंवा थेट अमेरिकेत स्थायिक झाली आहेत अशी घरेही कमी नाहीत. अशा घरांत लँडलाइन टिकून राहिली ती जुन्या सवयीने, नातेवाइकांना पाठ असलेल्या क्रमांकामुळे आणि अलीकडे इंटरनेटच्या जोडणीबरोबर ती आपोआप मिळते म्हणून. दुमजली रो-हाऊसमध्ये बैठकीच्या खोलीत वाजणारा फोन घेण्यासाठी वरच्या मजल्यावरून जिना उतरत धावत येणे हा ज्येष्ठांच्या दृष्टीने फोनशी जोडलेला सर्वांत मोठा धोका होता, आणि कॉर्डलेस संचाने तो धोका पुष्कळच कमी केला, ही या उपकरणाच्या जमेची बाजू आधीच नोंदवून ठेवली पाहिजे. अर्थात त्यासाठी हँडसेट हाताशी असावा लागतो. तो उशीखाली किंवा सोफ्याच्या फटीत विसरला आणि घंटी वाजताच सगळ्या घरात त्याचा शोध सुरू झाला, तर जिन्यावरची धावपळ पुन्हा सुरू होते. मूळ डब्यावर असलेले 'पेज' नावाचे बटण दाबले की हरवलेला हँडसेट वाजू लागतो, ही सोय बहुतेक संचांत असते, आणि ती अनेकांना ठाऊक नसते.

ज्या काळात घरी फोन येण्यासाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत नाव ठेवावे लागे आणि 'ओन युवर टेलिफोन' योजनेत आगाऊ पैसे भरून रांग थोडी पुढे सरकवता येई, त्या काळात खात्याने दिलेला डबा हाच फोन असे. दूरसंचार क्षेत्र खुले होत गेले, १ ऑक्टोबर २००० रोजी भारत संचार निगम अस्तित्वात आला, फोन सहज मिळू लागले, आणि ग्राहकाने आपल्या पसंतीचा संच बाजारातून आणून लावणे ही सर्वसामान्य गोष्ट झाली. कॉर्डलेस संच मध्यमवर्गीय घरांत शिरले ते मुख्यतः याच वळणावर. त्याच सुमारास तसाच दिसणारा आणखी एक फोन आला, तो म्हणजे टाटा इंडिकॉमच्या 'वॉकी'सारखा, टेबलावर ठेवण्याचा पण तार नसलेला संच. तो रेडिओलहरींनी थेट कंपनीच्या मनोऱ्याशी बोलत असे आणि म्हणून घराच्या आकारात ठेवलेला मोबाइलच होता. कॉर्डलेसचा हँडसेट मनोऱ्याशी बोलत नाही, तो फक्त त्याच घरातल्या आपल्या मूळ डब्याशी बोलतो, ज्याला यापुढे 'बेस' असे म्हटले आहे. हा फरक किरकोळ वाटला तरी लहरींची तीव्रता, खासगीपणा आणि वीज गेल्यावरचे वर्तन हे सारे त्यावरच अवलंबून असते.

पहिल्या पिढीतील कॉर्डलेस संच अॅनालॉग होते, म्हणजे आवाजाच्या चढउतारांप्रमाणे लहरीतच चढउतार घडवून ती जशीच्या तशी हवेत सोडत. अमेरिकेत १९८० च्या दशकात असे संच सुमारे ४६ आणि ४९ मेगाहर्ट्झ या वारंवारतांवर चालत. वारंवारता म्हणजे लहर सेकंदाला किती वेळा कंप पावते ती संख्या, आणि एक मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला दहा लाख कंप. या संचांमुळे झालेली सर्वांत ठोस इजा लहरींची नव्हती, आवाजाची होती, हे आज फारसे कोणाच्या लक्षात नाही. काही प्रारंभीच्या संचांत घंटीचा आवाज कानाला लावायच्या भागातूनच निघत असे, आणि बोलण्याआधी एक खटका सरकवून घंटी बंद करावी लागे. तो खटका सरकवायचे विसरून हँडसेट कानाला लावला आणि नेमकी घंटी वाजली तर सुमारे १४० डेसिबलचा आवाज थेट कानाच्या पडद्यावर आदळे. डेसिबल हे आवाजाच्या तीव्रतेचे माप आहे आणि १४० हा आकडा जवळून झाडलेल्या बंदुकीच्या पंगतीत बसणारा आहे. अमेरिकेतील कानाच्या डॉक्टरांनी त्या दशकात अशा रुग्णांच्या कायमच्या बहिरेपणाची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत केली, आणि पुढे घंटीचा भोंगा हँडसेटच्या पाठीकडे हलवला गेला. आजच्या संचांत तो धोका उरलेला नाही; तरीही ऐकू कमी येते म्हणून आवाजाची पातळी कायम शेवटच्या टोकावर ठेवण्याऐवजी स्पीकर लावून बोलणे कानाला मानवते, आणि ज्यांच्या कानात श्रवणयंत्र आहे त्यांना हँडसेट जवळ येताच गुरगुर ऐकू येत असेल तर तोच उपाय उपयोगी पडतो.

अॅनालॉग संचांचा दुसरा दोष खासगीपणाचा होता. भिंतीलाही कान असतात असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे, पण येथे भिंतीची गरजच नव्हती. त्याच वारंवारतेवर लावलेला दुसरा रेडिओग्राही संच, किंवा शेजारच्या घरातला त्याच वाहिनीवर चालणारा हँडसेट, संपूर्ण संभाषण ऐकवू शके. शेजाऱ्याच्या हँडसेटला आपल्या बेसचा डायल टोन मिळावा आणि त्याच्या बोलण्याचे बिल आपल्याकडे यावे, असेही होणे शक्य होते, आणि ते टाळण्यासाठी बेस आणि हँडसेट यांच्यात ओळखीचा सांकेतिक क्रमांक ठेवण्याची पद्धत आली. कायद्यालाही या उपकरणाने गोंधळात टाकले होते. अमेरिकेच्या १९८६ च्या खासगीपणाविषयक कायद्याने कॉर्डलेसच्या हवेतल्या टप्प्याला संरक्षणच दिले नव्हते, ते १९९४ मध्ये द्यावे लागले. भारतात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संस्थेच्या याचिकेवर निकाल देताना दूरध्वनीवरील संभाषण हा खासगीपणाच्या अधिकाराचा भाग मानला आणि सरकारी टॅपिंगला कार्यपद्धतीची चौकट घालून दिली. परंतु न्यायालयाचा निकाल सरकारला बांधतो, हवेतल्या लहरीला नाही.

अॅनालॉगची जागा आता जवळजवळ संपूर्णपणे 'डेक्ट' या डिजिटल मानकाने घेतली आहे. डिजिटल एन्हान्स्ड कॉर्डलेस टेलिकम्युनिकेशन्स या नावाची ही आद्याक्षरे. युरोपातील दूरसंचार मानक संस्थेने १९९० च्या दशकाच्या आरंभी ते निश्चित केले, आणि मूळ नावात 'एन्हान्स्ड'च्या जागी 'युरोपियन' हा शब्द होता. यात आवाजाचे अंकांत रूपांतर होते आणि ते अंक १८८० ते १९०० मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील दहा वाहिन्यांपैकी एकीवरून ठरावीक वेळी पाठवले जातात. एका सेकंदाचे शंभर भाग आणि त्या प्रत्येक भागाचे चोवीस कप्पे केले, तर एका हँडसेटच्या वाट्याला त्यांतला एकच कप्पा येतो. त्या कप्प्यात तो बोलतो, बेस दुसऱ्या कप्प्यात उत्तर देतो, आणि उरलेले कप्पे घरातल्या किंवा शेजारच्या इतर हँडसेटना मोकळे राहतात. रो-हाऊसच्या एका ओळीत दहा घरांत दहा कॉर्डलेस असूनही क्रॉस कनेक्शन होत नाही ते यामुळे. याच तंत्राचा देशी वापर मद्रासच्या आयआयटीमधील प्रा. अशोक झुनझुनवाला यांच्या गटाने 'कॉरडेक्ट' या नावाने केला होता, ज्यात घराच्या आतली कॉर्डलेसची पद्धत ताणून गावापर्यंत नेली आणि तांब्याची तार न टाकता खेड्यांत फोन पोचवण्याचा प्रयत्न झाला. घरगुती सोयीसाठी जन्मलेल्या तंत्राला लाभलेले हे एक सन्मानाचे वळण म्हणता येईल.

डिजिटल झाल्याने संभाषण आपोआप गुप्त झाले, हा समज मात्र खरा नाही. डेक्ट मानकात संभाषण कूटबद्ध करण्याची, म्हणजे अंकांची अशी उलथापालथ करण्याची सोय होती की किल्ली असल्याखेरीज ते उलगडू नयेत. पण ती वापरण्याची सक्ती नव्हती. डिसेंबर २००८ मध्ये बर्लिन येथे भरलेल्या संगणकतज्ज्ञांच्या वार्षिक मेळाव्यात काही संशोधकांनी सुमारे २३ युरो किमतीचे एक कार्ड लॅपटॉपला जोडून कूटबद्ध न केलेली संभाषणे ऐकता येतात हे दाखवून दिले, आणि २०१० मध्ये त्या मानकातील मूळ कूटपद्धतीही भेदता येते याचा गणिती पुरावा प्रसिद्ध झाला. त्यानंतर मानकात सुधारणा झाल्या, अधिक भक्कम कूटपद्धती आली, आणि नव्या संचांच्या खोक्यावर तसा उल्लेख सापडतो. ग्राहकाच्या हातात त्यातून दोन गोष्टी येतात. पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा संच असेल तर बँकेचे आणि दवाखान्याचे तपशील त्यावरून सांगण्याचे टाळावे. आणि बेस व हँडसेट यांची जोडी जुळवताना विचारला जाणारा, कारखान्यातून बहुधा ०००० असा येणारा क्रमांक पहिल्याच दिवशी बदलून घ्यावा. एवढे करूनही हे सांगितले पाहिजे की इंदिरानगरच्या गल्लीत लॅपटॉप घेऊन कोणी डेक्टच्या लहरी टिपत बसण्याची शक्यता फार थोडी आहे. फोन करून स्वतःला दूरसंचार खात्याचा, पोलिसांचा किंवा बँकेचा अधिकारी म्हणवणाऱ्याला माणूस आपणहून जी माहिती सांगतो, ती चोरण्यासाठी कोणतेही कार्ड लागत नाही. दोन तासांत तुमचा फोन बंद होईल असे सांगणारा ध्वनिमुद्रित फोन आला की तो ठेवून देणे आणि पैसे गेलेच तर तत्काळ १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवणे, हा खासगीपणाचा अधिक उपयोगी धडा आहे.

आता ज्याची भीती सर्वाधिक, त्या लहरींच्या परिणामाकडे वळता येईल. डेक्ट हँडसेट बोलताना क्षणिक २५० मिलिवॉट एवढ्या ताकदीने लहर सोडतो, पण चोवीसपैकी एकाच कप्प्यात. त्यामुळे सरासरी ताकद सुमारे १० मिलिवॉट भरते. जुन्या दुसऱ्या पिढीच्या मोबाइलची ९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातील सरासरी ताकद, मनोरा लांब असताना, २५० मिलिवॉटपर्यंत जाई. ऊतींमध्ये किती ऊर्जा शोषली जाते हे मोजण्यासाठी 'विशिष्ट शोषण दर' हे माप वापरतात, आणि ते शरीराच्या एका किलोग्रॅममागे किती वॉट असे सांगतात; भारतात मोबाइलसाठी ही मर्यादा एक ग्रॅम ऊतीवर सरासरी काढून १.६ वॉट अशी आहे, आणि डेक्ट हँडसेटचे मोजलेले आकडे साधारणपणे तिच्या एक दशांशाच्या आतच राहतात. मे २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या फ्रान्समधील कर्करोग संशोधन संस्थेने रेडिओलहरींना '२-ब' या गटात टाकले, ज्याचा अर्थ 'कर्करोगकारक असण्याची शक्यता नाकारता येत नाही, पण पुरावा मर्यादित आहे' असा होतो, आणि स्वीडनमधील काही अभ्यासांमुळे त्या चर्चेत कॉर्डलेसचाही समावेश होता. बातम्यांनी त्यातला 'कर्करोग' हा शब्द उचलला आणि 'मर्यादित' हा सोडला. याच गटात पुढे कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्कही गेला, पण त्यामुळे कोणी कुंडीतली कोरफड उपटून टाकल्याचे दिसले नाही. त्याच आरोग्य संघटनेने करवून घेतलेला आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला आढावा, ज्यात १९९४ ते २०२२ या काळातील ६३ अभ्यास तपासले गेले, मोबाइलच्या वापराचा मेंदूच्या कर्करोगाशी संबंध आढळत नाही असे सांगतो, आणि कॉर्डलेसच्या बाबतीतही निष्कर्ष तोच आहे.

भीतीला आधार थोडा असला तरी सावधगिरी स्वस्तात मिळत असेल तर ती घ्यायला हरकत नाही, आणि कॉर्डलेसच्या बाबतीत ती खरोखर फुकट मिळते. जर्मनीच्या किरणोत्सार संरक्षण कार्यालयाने २००६ मध्ये असे निदर्शनास आणले की घरातल्या रेडिओलहरींचा सर्वांत प्रबळ स्रोत बहुधा डेक्टचा बेस असतो, कारण अनेक संचांत कोणी बोलत नसतानाही तो आपले अस्तित्व कळवणारे स्पंद अहोरात्र सोडत राहतो. मोकळ्या जागेत लहरींची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. म्हणजे उशाशी २० सेंटिमीटरवर ठेवलेला बेस २ मीटर दूर नेला की ती शंभरावा हिस्सा होते. बेस पलंगाच्या उशाशी न ठेवता जिन्याच्या मधल्या टप्प्यावर किंवा बैठकीतल्या उंच फडताळावर ठेवला, तर झोपणाऱ्याचे समाधान होते आणि दोन्ही मजल्यांवर रेंजही चांगली मिळते. डेक्टचा पल्ला मोकळ्यावर सुमारे ३०० मीटर आणि घरात सुमारे ५० मीटर सांगितला जातो, पण सिमेंट-लोखंडाचा स्लॅब, खिडकीची जाळी आणि गोदरेजचे कपाट यांपुढे तो आकडा निम्म्यावर येतो, आणि मग कानात खरखर सुरू होते. 'इको' नावाची सोय असलेले संच हँडसेट जवळ असताना लहरींची ताकद आपोआप कमी करतात. ती सोय चालू करावी लागते, कारखान्यातून ती पुष्कळदा बंदच येते. ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी हँडसेट सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवू नये आणि तो यंत्रापासून किमान १५ सेंटिमीटर दूर राहील अशा बेताने विरुद्ध बाजूच्या कानाला लावावा. मोबाइलसाठी सांगितली जाणारी ही खबरदारी येथेही पुरते.

लहरींचा एक प्रश्न मात्र खरा आहे, आणि तो वापरणाऱ्याच्या प्रकृतीचा नसून शेजाऱ्यांच्या मोबाइलचा आहे. अमेरिकेत विकले जाणारे डेक्ट संच 'डेक्ट ६.०' या नावाने ओळखले जातात आणि ते १९२० ते १९३० मेगाहर्ट्झवर चालतात, ६.० हा आकडा तंत्राची सुधारित आवृत्ती दाखवत नाही, ते केवळ विक्रीसाठी दिलेले नाव आहे. भारतात १९२० मेगाहर्ट्झपासून पुढचा पट्टा मोबाइल फोनने मनोऱ्याकडे लहर पाठवण्यासाठी राखलेला आहे, आणि तो २०१० च्या लिलावानंतर खासगी कंपन्यांच्या थ्रीजी सेवेत वापरात आला. मनोऱ्याचा ग्राही भाग दूरच्या मोबाइलची अतिशय क्षीण लहर टिपण्यासाठी कान टवकारून बसलेला असतो. त्याच्या जवळपासच्या घरात अमेरिकेहून आणलेला बेस त्याच वारंवारतेवर सतत स्पंद सोडू लागला की तो कान बधिर होतो, आणि आजूबाजूच्या अनेकांचे फोन मध्येच तुटू लागतात. केंद्रीय दूरसंचार विभागाने अशा संचांचा भारतातील वापर बेकायदा असल्याचे जाहीर केले आहे, आणि मोबाइल कंपन्यांच्या तक्रारींवरून त्यांचा शोधही घेतला जातो. सॅन होजेहून येणाऱ्या मुलाने आईवडिलांसाठी आणलेली कॉर्डलेसची जोडी ही भेट म्हणून कितीही प्रेमाची असली तरी ती इंदिरानगरच्या घरात लावण्याजोगी नसते. त्यातच जुन्या अमेरिकी अडॅप्टरवर १२० व्होल्ट असा उल्लेख असेल तर येथल्या २३० व्होल्टच्या बोर्डात तो तापून जळतो, आणि ही आगीची शक्यता लहरींच्या सगळ्या चर्चेपेक्षा जवळची आहे. युरोप किंवा सिंगापूरहून आणलेले संच १८८० ते १९०० मेगाहर्ट्झचे असल्याने ती अडचण येत नाही. येथेच खरेदी करायची तर दूरसंचार विभागाने १ ऑक्टोबर २०१९ पासून कॉर्डलेस दूरध्वनीला अनिवार्य चाचणी आणि प्रमाणपत्र लागू केले आहे, हे दुकानदाराला ठाऊक असो वा नसो, ग्राहकाला ठाऊक असलेले बरे.

विजेच्या तारेचा प्रश्न त्याहून जुना आहे. साध्या तारेच्या फोनला घरातली वीज लागतच नसे. एक्सचेंजमधील बॅटऱ्यांच्या रांगेतून ४८ व्होल्टचा पुरवठा तांब्याच्या त्याच जोडतारेतून घरापर्यंत येई, आणि म्हणून भारनियमनाच्या काळात सगळे घर अंधारात असताना फोन मात्र जिवंत असे. कॉर्डलेसचा बेस घरच्या विजेवर चालतो. वीज गेली की हँडसेटमधील सेल भरलेले असूनही तो मुका होतो, कारण ज्याच्याशी बोलायचे तो बेसच झोपलेला असतो. म्हणून कॉर्डलेसबरोबर एक साधा तारेचा फोनही लावून ठेवावा, असा सल्ला २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत जाणकार लाइनमन देत, आणि तो अगदी योग्य होता. पण आता तो अर्धाच खरा उरला आहे. तांब्याच्या तारेच्या जागी प्रकाशतंतू, म्हणजे फायबर, आले. फायबरमधून प्रकाश येतो, वीज येत नाही. फायबरच्या टोकाला घरात बसवलेला मोडेमसारखा डबा, ज्याला ओएनटी म्हणतात, तो प्रकाशाचे पुन्हा विद्युत संदेशात रूपांतर करतो आणि त्याच्या पाठीमागच्या खाचेत फोनची तार जाते. त्या डब्याची वीज गेली की तारेचा साधा फोनही तितकाच मुका होतो. यावर उपाय अवघड नाही. ओएनटी आणि कॉर्डलेसचा बेस या दोहोंची पिन इन्व्हर्टरच्या बोर्डावर घ्यावी किंवा राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस लावावा. दोहोंचा मिळून खप एक-दोन एलईडी दिव्यांइतकाच असतो. ज्या घरात वीज जाताच फोन बंद पडतो त्या घरातल्या एकट्या ज्येष्ठाला ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ लावण्याची वेळ रात्री आली, तर मोबाइल चार्ज केलेला असणे हाच शेवटचा आधार उरतो. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावावे लागते, हेही हँडसेटच्या स्मृतीत जुने क्रमांक साठवून ठेवलेल्यांनी एकदा तपासून घ्यावे. घाईच्या वेळी नेमका तोच एक आकडा आठवत नाही.

नाशिकमध्ये वळवाचा पाऊस मे महिन्यात आणि परतीचा पाऊस ऑक्टोबरच्या सुमारास विजांचा कडकडाट घेऊन येतो. तांब्याच्या तारेला जोडलेला फोन अशा वेळी कानाला लावणे धोक्याचे असते, कारण दूर कुठे तरी तारेवर पडलेली वीज तीच वाट धरून कानापर्यंत येऊ शकते. कॉर्डलेस हँडसेट हातात घेऊन बोलणाऱ्याला तो धोका नाही, त्याच्यापर्यंत तार पोचतच नाही. धोका आहे तो बेसला, ज्याला टेलिफोनची आणि विजेची अशा दोन्ही तारांनी वीज गाठू शकते. फायबर वीज वाहून नेत नसल्याने एक वाट बंद होते, अडॅप्टरची उघडीच राहते. दोन्ही पिना काढून ठेवायच्या तर त्या गडगडाट डोक्यावर येण्याआधी काढाव्यात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' हे अॅप आसपासच्या विजांची सूचना देते आणि त्यासाठी पुरेसा वेळ मिळतो. वायरलेस म्हणून स्वयंपाकघरात सहज नेल्या जाणाऱ्या हँडसेटविषयी एक सूचना येथेच द्यायला हवी. गॅसगळतीचा वास येत असेल तर त्या खोलीत दिव्याचे बटण दाबू नये तसे कोणत्याही फोनचेही दाबू नये. रेग्युलेटर बंद करून, दारे-खिडक्या उघडून, बाहेर जाऊन मग १९०६ या गॅसगळतीच्या मदत क्रमांकावर फोन करावा.

राहिले सेल. हँडसेटमध्ये बहुधा दोन किंवा तीन निकेल-मेटल हायड्राइडचे, प्रत्येकी १.२ व्होल्टचे, पुन्हा चार्ज होणारे सेल असतात; जुन्या संचांत निकेल-कॅडमियमचे असत. दोन-तीन वर्षांनी ते दमतात, बोलणे मध्येच तुटू लागते, आणि मग घरातले कोणी तरी रिमोटमध्ये घालतात ते साधे सेल आणून त्यात बसवते, कारण आकार तोच असतो आणि फोनही चालू होतो. ही चूक साधी दिसते, पण या सगळ्या लेखात सांगितलेल्या गोष्टींपैकी प्रत्यक्ष दुखापतीची सर्वाधिक शक्यता याच चुकीत आहे. साधे सेल चार्ज होण्यासाठी बनवलेले नसतात. बेसवर ठेवताच त्यांत उलटा प्रवाह शिरतो, आत वायू साचतो, कवच फुगते, त्यातले दाहक रसायन गळते आणि क्वचित सेल फुटतो, तोही कानापाशी धरलेल्या उपकरणात. सेल बदलताना त्यावर 'रिचार्जेबल' हा शब्द आणि १.२ व्होल्ट हा आकडा वाचावा, सगळे सेल एकदमच बदलावेत, नवे-जुने मिसळू नयेत, आणि हँडसेट नेहमीपेक्षा जास्त गरम लागला किंवा त्याचे मागचे झाकण फुगलेले दिसले तर तो बेसवरून लगेच उचलून बाजूला ठेवावा.

काढलेले जुने सेल कुठे टाकायचे, हा प्रश्न नाशिककराला तरी पडायला नको, कारण घरोघरी फिरणाऱ्या घंटागाडीची सवय या शहराला इतर अनेक शहरांच्या आधीपासून आहे. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी वापरलेले सेल ओल्या आणि सुक्या कचऱ्यापासून वेगळे, घरगुती घातक कचऱ्यात धरले. बॅटऱ्यांसाठी २०२२ मध्ये स्वतंत्र नियम झाले आणि त्यांनी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. बंद पडलेला बेस आणि हँडसेट १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचऱ्याच्या नियमांखाली येतात. प्रत्यक्षात मात्र निकेल-कॅडमियमचे दोन सेल जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळले जातात आणि भाजीच्या देठांबरोबर ओल्या डब्यात पडतात. कॅडमियम हा मूत्रपिंडाला आणि हाडांना बाधणारा जड धातू आहे, तो कुजत नाही आणि जळूनही नाहीसा होत नाही. आणि इंदिरानगरची घंटागाडी रिकामी होते तो पाथर्डीचा खत प्रकल्प त्या घरांपासून फारसा दूर नाही.